खांद्याच्या उंचीची फळी

१२ जानेवारी

अहो,

फोनवर तुम्ही "हं" म्हणता, मग "बरं आहे" म्हणता आणि फोन लेकीच्या हातात देता. "हं"शी माणूस किती वेळ बोलणार? म्हणून हे पत्र. पाकिटावर तुमचं नाव आहे, तेव्हा हे तरी लेकीच्या हातात देऊन मोकळं होता येणार नाही.

बातमी अशी, की समोरचं गोदाम उघडलं. दोन वर्षं लागलेलं कुलूप काढायला काल सकाळी माणसं आली, तर किल्ली कुणाकडेच नाही. कुलूप इतकं गंजलेलं की तुटेनाही. शेवटी त्यांनी बिजागऱ्या काढल्या, अख्खं फाटक उचलून भिंतीला टेकवून ठेवलं, आणि कुलूप आपलं तसंच इमानदारीत लटकलेलं. मला खिडकीत उभ्या उभ्या हसू फुटलं. तुम्ही असतात तर तुम्हीही हसला असतात, मिशीत का होईना.

तुम्ही म्हणत होतात की पाडतील. पाडत नाहीयेत. तिथे बाजार करणार आहेत. बाजार म्हणजे भाजीचा नव्हे. कपड्यांची, पुस्तकांची दुकानं, कॉफी प्यायला जागा, छोटंसं नाट्यगृह, आणि आतल्या उंच भिंतीवर खुंट्या ठोकून मुलांना चढायची सोय. भिंतीवर चढायचं म्हणे तिकीट. तुम्हाला वर चढायचा पगार मिळायचा, आता चढणारेच पैसे मोजणार. काळ बदलला तो असा. हे सगळं मला तिथल्या आर्किटेक्टबाईंनी सांगितलं. वयाने आपल्या लेकीएवढ्या असतील. त्यांनी मला, मी कोण, हेही विचारलं नाही आणि सगळं सांगून टाकलं.

मी आत गेले नव्हते, नुसती फाटकाशी उभी होते. फार तर वजनकाट्यापर्यंत गेले असेन. तिथवर जायचा मला हक्कच आहे. आम्ही बायकांनी त्या अंगणात बसून जन्मभर फाटक्या गोण्या शिवल्या, आणि काट्याच्या पुढे पाऊल टाकायचं नाही असा आम्हाला नियम होता. वरच्या मजल्यांना जमिनीतच दारं आहेत, पडाल, असं मुकादम म्हणायचा. पुरुष पडत नव्हते वाटतं. तुम्हाला विचारावं, वर काय आहे हो, तर "काय असणार, गोण्या." लग्नाच्या पहिल्या वर्षी विचारलं तेव्हाही गोण्या आणि गोदाम बंद झालं त्या दिवशी विचारलं तेव्हाही गोण्या. माझं निम्मं आयुष्य त्या भिंतीला पाठ लावून गेलं आणि आत काय आहे ते मला माहीत नाही.

"त्या बंद फाटकाकडे बघत मला चहा पिववत नाही" म्हणून तुम्ही लेकीकडे पंधरा दिवसांसाठी गेलात. त्या पंधरा दिवसांची आता दोन वर्षं होतील. मीही म्हटलं, जा, मी काही माझं घर सोडून येणार नाही. दोघांनी आपापला हेका धरला. तळमजल्यावरचा बसड्रायव्हर रोज तुमची चौकशी करतो. करणारच. कामावरून आलात की तास तास त्याच्या पायरीवर गप्पा मारत बसायचात, आणि इकडे तिसऱ्या मजल्यावर माझा चहा गार. बायकोपेक्षा ड्रायव्हर गोड, हे मी तेव्हाही बोलून दाखवलं होतं.

असो. आता फाटक बंद नाही, तेव्हा तुमचं कारणही उरलं नाही. सरळच सांगते, मला तुम्ही घरी हवे आहात. बाकी सगळं पत्र मी त्याच्या आजूबाजूला लिहिलंय.

तुमचीच,
तिसऱ्या मजल्यावरची


३० जानेवारी

अहो,

तुमचं कार्ड मिळालं. "गॅसची नळी बदल. तब्येत बरी." एवढं लिहिताना हात दुखला नाही ना? नळी बदलली.

गोदामात मी गेले ते नाइलाज म्हणून. परांचीवर बांधलेली ताडपत्री फाटली होती आणि दिवसभर फडफड फडफड. तिथे इतकी माणसं, पण कुणाला ऐकूच येत नव्हतं. शेवटी दाभण आणि सुतळी घेऊन खाली उतरले आणि शिवून टाकली. आर्किटेक्टबाई बघतच होत्या. म्हणाल्या, "आजी, वर आणखी दोन फाटल्यात, येता का?" आता कुणी बोलावल्यावर नाही म्हणणं बरं दिसत नाही. त्यांनी मला हेल्मेट दिलं. अंबाड्यावर ते बसेना, पालथ्या टोपलीसारखं डुलत राहिलं. तशीच गेले.

काट्याच्या पुढे पाऊल टाकताना मुकादम ओरडेल असं वाटलं, खरंच. तो बिचारा जाऊनही वर्षं झाली.

पहिल्या मजल्यावर काय आहे सांगू? तुम्हाला माहीत आहे, तरी सांगते, कारण मला माहीत नव्हतं. गोणी एकसुद्धा नाही. पण वास आहे, धान्याचा आणि तागाचा, तुमच्या सदऱ्यांना यायचा तसाच. जमिनीच्या फळ्या मधोमध पायांनी झिजून गुळगुळीत झाल्यात आणि कडेला अजून खरखरीत. म्हणजे तुम्ही सगळे एकाच वाटेने चालायचात. लाकडी खांब इतके जाड, की माझ्या कवेत येत नाहीत. हो, घालून बघितली कव.

आणि आता खरा प्रश्न. प्रत्येक खांबाला साधारण पुरुषाच्या खांद्याइतक्या उंचीवर एक आखूड फळी पुढे आलेली आहे. कड झिजून गोल झालेली. ती कशासाठी? आर्किटेक्टबाई म्हणतात, दिवे ठेवायला. तिथला इलेक्ट्रिशियन म्हणाला, तागाच्या गोदामात उघडे दिवे ठेवले असते तर गोदाम राहिलं असतं का? मी म्हटलं, डबे ठेवायला असतील. मग तो म्हणाला, "आजी, जेवताना डबा खांद्यावर ठेवतात का?" जीभ फार चालते त्याची. मला आवडला.

पण त्या फळ्या कापणार आहेत. गिऱ्हाइकांच्या खांद्याला लागतील म्हणून त्यांच्यावर लाल खडूने फुल्या मारून ठेवल्यात. मला आपलं चुकचुकल्यासारखं वाटलं. कशासाठी होत्या तेच ठाऊक नाही, आणि कापायच्या? तुम्हाला ठाऊक आहे. एका ओळीत कळवा. गॅसच्या नळीइतकं तरी महत्त्वाचं आहे हे.

तुमचीच,
हेल्मेटवाली


१८ फेब्रुवारी

अहो,

"नातीला दात येतायत. पायऱ्यांवर जपून." वा. मी विचारते काय, तुम्ही सांगता काय. आणि कुठल्या पायऱ्या हो? मी या जिन्यावरून उतरत्या वयातही पिशव्या घेऊन धडाधड वर जाते. तुम्हीच कठडा धरून रमतगमत यायचात.

फळ्यांचं कोडं सुटलं. तुमच्याशिवाय सुटलं.

मी आता तिथे जाते. रोज नाही, रविवारी सुट्टी असते. त्यांना पडदे आणि खुर्च्यांच्या गाद्या शिवून हव्या आहेत, आणि कशाच्या म्हणाल तर गोणपाटाच्या. ज्या गोणपाटाचं आपण पायपुसणं करायचो, त्याचे आता पडदे, आणि लोक हात लावून "किती सुंदर" म्हणतात. पिकतं तिथे विकत नाही, दुसरं काय.

तर परवा मी पडद्याला दुमड घालत बसले होते आणि इलेक्ट्रिशियन वायरचं मोठं वेटोळं पाठीवर घेऊन जिना चढून आला. दमला होता. इकडे तिकडे बघितलं, खांबाकडे पाठ केली, आणि ते वेटोळं अलगद फळीवर टेकवलं. हात मोकळे केले, तोंड पुसलं, माझ्या बाटलीतलं पाणी प्यायला. मग जरा वाकला, वेटोळं पुन्हा पाठीवर घेतलं आणि निघाला. त्याच्या लक्षातही आलं नाही. मी ओरडले, "अरे थांब, परत कर ते." आर्किटेक्टबाई धावत आल्या, त्यांना वाटलं कुणी पडलं.

त्याच्याकडून तीनदा करून घेतलं. मग बाईंनी आपली पिशवी टेकवून बघितली. काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशी आमची गत. ओझं जमिनीवर ठेवलं की पुन्हा पाठीवर चढवायला दुसरा माणूस लागतो. टेकवलं, तर एकटाच दम खाऊन एकटाच पुढे जातो. एवढी साधी गोष्ट. मला मेलीला इतका आनंद झाला की मीही पडद्यांची गुंडाळी पाठीवर घेऊन टेकवायला गेले, पण माझी उंची पुरेना. फळी माझ्या डोक्याशी. मग आम्ही तिघं लहान मुलांसारखे एकेक खांब करून बघत सुटलो. बुटक्या माणसाचा खांब एकही सापडला नाही.

फुल्या पुसल्या. फळ्या राहणार. खरेदीच्या पिशव्या टेकवायला त्याच बऱ्या, असं बाईंनी ठरवलं, आणि खाली बाकडी मांडली की खांदेही आपटणार नाहीत.

तुम्ही हे कधी का सांगितलं नाहीत? लपवण्यासारखं काय होतं त्यात? सगळ्यात वरच्या मजल्याचा जिना दुरुस्त होतोय, पुढच्या आठवड्यात उघडेल. तुमचा मजला. आता तो तरी बघणारच आहे मी.

तुमचीच,
बुटकी


५ मार्च

अहो,

आज पत्र लिहू की नको, असं झालं होतं. लिहिते.

वरचा मजला बघितला. भिंतीतलं ते मोठं दार उघडलं की खाली अंगण दिसतं, आम्ही बायका बसायचो ती जागा अगदी समोर. दारावर कप्पी अजून आहे. तिच्यामागे एक मोटर होती, ती इलेक्ट्रिशियन खोलून काढत होता. मी म्हटलं, ही आता कधी बसवली रे? तो म्हणाला, "आता? आजी, ही माझ्या वयाची असेल." मी म्हटलं, शक्य नाही, आमच्या घरचे शेवटपर्यंत या कप्पीचा दोर ओढत होते. त्याने मला भिंतीवरचं बटण दाखवलं. म्हणाला, "दोर कुणी ओढत नव्हतं. बटण दाबलं की गोणी वर. मग पाठीवर घेऊन आत नेऊन रचायची."

आपली लेक शाळेत होती तेव्हा तुम्ही घरी येऊन सांगितलंत, "आता माझं ओझं सुटलं, मला कप्पीवर घेतलंय, नुसता दोर ओढायचा." मी गोड केलं होतं त्या दिवशी. शेजारी वाटलंसुद्धा.

त्या दाराजवळच्या खांबाला फळी आहे. इतरांपेक्षा खूप खाली. पडद्यांची गुंडाळी माझ्या पाठीवर होती, सहज टेकवून बघितली तर बरोबर बसली. मला हसू आलं, म्हटलं, सापडला एकदाचा बुटक्याचा खांब. मग वळून वर बघितलं. खांबाला खिळ्यांची भोकं होती. पार वरपासून, उंच माणसाच्या खांद्यापासून, एकाखाली एक जोड्या. फळी काढून थोडी खाली, पुन्हा काढून थोडी खाली, अशी माझ्या उंचीपर्यंत आलेली.

कुणाचा खांब हे विचारायची गरज पडली नाही. फळीखालच्या खिळ्याला खांद्याची गादी लटकत होती. आपल्या जुन्या निळ्या पडद्याचं अस्तर लावून मी शिवलेली. "हरवली, आणि आता लागतही नाही" म्हणाला होतात. माझी बारीक तिरकी शिवण अजून तशीच आहे. तिच्यावर सुतळीचे टाके, कोंबडीने पाय उमटवावेत तसे. घरी आणली असती तर मी नीट शिवून दिली असती. पण घरी आणली असती तर मला कळलं असतं.

मी तिथेच फळ्यांवर बसले. आधी राग आला, तुम्ही समोर असतात तर काही खरं नव्हतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, आणि तोही इतकी वर्षं? तुमची ती झाकली मूठ सव्वा लाखाची. मग सदरे आठवले. दर वर्षी तुमचा सदरा मागून वर चढायचा, आणि मी मागची बाजू दोन बोटं वाढवून शिवायची. कापड आटतं म्हणून दुकानदाराशी भांडले. माप मी घेत होते, वाकत चाललेली पाठ माझ्या हाताखाली होती, आणि दोष दिला कापडाला.

घरी येताना ड्रायव्हरच्या पायरीवर बसले. त्याला विचारलं, तुम्ही दोघं तास तास काय बोलायचात रे? तो शेजारी येऊन बसला. मग म्हणाला, "काका बोलायचे कुठे? बसायचे. दम खायचे. मग कठडा धरून हळूहळू वर. तुम्हाला सांगायचं नाही म्हणून मला शपथ घातली होती."

म्हणजे तुम्ही फाटकावर रुसून गेला नव्हतात. माझ्यावरही नाही. तुम्हाला आपला जिना चढवत नव्हता. लेकीचं घर तळमजल्यावर आहे, हे माझ्या डोक्यात दोन वर्षांत एकदाही आलं नाही. "पायऱ्यांवर जपून" म्हणता तुम्ही मला.

रडले. तुमच्यापासून कशाला लपवू, लपवायचं काम तुमच्याकडे आहे. मग परत राग आला आणि त्या रागात पोटभर जेवले.

तुमचीच


२८ मार्च

अहो,

"कुणी सांगितलं?" एवढे दोनच शब्द लिहायला अख्खं कार्ड वापरलंत. फळीने सांगितलं. ड्रायव्हरला बोलू नका, त्याने शपथ मोडली ती मी त्याच्या पायरीवरून उठत नव्हते म्हणून.

आता माझं ऐका, आणि हे लेकीला वाचून दाखवलंत तरी चालेल. पाकिटावरचा पत्ता बघितलात का? घरनंबर बदललाय. मी आता तळमजल्यावर राहते. ड्रायव्हरच्या बायकोला कधीची वर हवा-उजेडाची जागा हवी होती, मला खाली हवी होती, मालकाला काहीच नको होतं. जागा अदलाबदल केल्या. तिची कपाटं वर, आपली खाली, जिन्यात ही कोंडी. इलेक्ट्रिशियन मदतीला आला होता. तुमची खुर्ची त्याने एकट्याने आणली आणि येता येता मधल्या मजल्याच्या कठड्यावर टेकवली. आता सवयच लागली आहे त्याला.

तुम्हाला विचारलं नाही. तुम्हीही मला कधी काही विचारून केलं नाहीत, फिट्टंफाट. आणि दया बिया म्हणून केलं असं मनात आणू नका. मलाही आता गुडघे आहेत. ते मी तुम्हाला सांगितलं नव्हतं एवढंच.

खिडकी बरोबर गोदामासमोर आहे. फाटक भिंतीला टेकवलेलंच ठेवलंय, कुलपासकट, बाईंना ते तसंच आवडलं. चहा पिताना आता येणारीजाणारी माणसं दिसतात. शनिवारी उघडतंय सगळं. काल रंगीत तालीम म्हणून मुलांना सोडलं होतं भिंतीवर. एक पोरगी अर्ध्यावर अडकली, ना वर ना खाली, आणि वरून ऐटीत सांगत होती, "मी मुद्दाम थांबलेय." मला तुमची आठवण झाली.

वर जायला लिफ्ट बसवली आहे. मला शिवणकामाला वरच्या मजल्यावर कोपरा दिलाय, दाराजवळ, तुमच्या खांबाशी. गोणपाटाच्या पिशव्या शिवायच्या आणि तिथेच विकायच्या. टाके मी घालीन, पण गोणी कशी धरायची, कुठे फाटते, कुठे टिकते, ते सांगायला माणूस लागेल. खुर्चीत बसून सांगायचं. बाईंना तुमची गादी काचेच्या पेटीत ठेवायची होती, मी म्हटलं, माणूस हयात आहे, त्याला विचारा. गादी घरी आणली आहे. धुतली. तुमचे टाके उसवले नाहीत.

आणि एक काम केलं. एक खांब आतून सडलेला होता, तो बदलताना त्याची फळी निघाली. बाईंनी ती मला दिली. सुतार बोलावून ती आपल्या नव्या दाराशी, आत आल्या आल्या उजव्या हाताला ठोकून घेतली. स्टँडवरून याल, हातात पेटी असेल, लेक कितीही नको म्हटलं तरी पिशव्या भरून देईल. खाली वाकायला नको आणि पुन्हा उचलायला नको.

सुतार म्हणाला, किती उंचीवर ठोकू? मी तुमचा शेवटचा शिवलेला सदरा आणला, भिंतीला लावून धरला आणि खांद्याशी खूण केली. तो म्हणाला, "फारच खाली होतंय, आजी, पुढे पस्तावाल." मी म्हटलं, ठोक. पुढे लागलं तर आणखी खाली घेऊ. खिळे मी जास्तीचे आणून ठेवलेत.

तुमचीच,
तळमजल्यावरची